पहिली रांग

हार्लो बेट, १९ सप्टेंबर

ओडेट,

माझं सगळं बदललं ते गेल्या बुधवारी सकाळी. तू सोडून गेलीस तेव्हा नव्हे, उगाच भाव खाऊ नकोस. बापाच्या डाव्या हातातून चहाचा मग निसटला. मग काय, पडतात. पण त्याने खाली बघितलं नाही, शिवी घातली नाही, बुटाच्या टोकाने तुकडे ओट्याखाली सारले आणि उजव्या हाताने फळीवरून दुसरा मग काढला. तो बाहेर गेल्यावर मी ओणवा होऊन ओट्याखाली बघितलं. तिथे आधीच्या मगांच्या तुकड्यांचे ढीग होते. निळा मग, आईचा फुलाफुलांचा, आणि तू मला दिलेला तो अस्वलाचा. तो हरवला म्हणून मी उन्हाळाभर सगळ्या घराला शिव्या घालत होतो.

तू म्हणालीस, फोनवर तू नुसता ओरडतोस, काय सांगायचं ते लिहून पाठव. घे. लिहितो. कागदावर ओरडता येत नाही असा तुझा समज असेल तर तो थोड्याच वेळात दूर होईल.

दवाखान्यात त्याला मी अक्षरशः ढकलत नेलं. आमच्या बेटावर डॉक्टरीण आठवड्यातून एकदा विमानाने येते, विमान चार माणसांचं, आणि वारा असला की तीही येत नाही. तिने विचारलं, "कसं वाटतंय, वेंडेल?"

"मजेत."

"डोकं दुखतं?"

"कुणाचं दुखत नाही?"

मग मी बोललो. डावा हात सुटतो. सकाळी उठला की डोकं धरून बसतो. परवा 'दोर' हा शब्द आठवेना म्हणून पाच मिनिटं नुसता हाताने वळवून दाखवत होता. चाळीस वर्षं समुद्रात पिंजरे टाकून शेवंडी धरणाऱ्या माणसाला 'दोर' आठवत नाही. बाप माझ्याकडे असं बघत होता, जणू मी त्याची पँटच खाली ओढली. डॉक्टरणीने डोळ्यात बॅटरी मारली, बराच वेळ मारली, आणि तिचं हसू गेलं. मला बाहेर घेऊन म्हणाली, मेंदूचा एमआरआय हवा, आणि लवकर हवा. आत काही वाढत असेल तर आताचा आठवडा आणि नंतरचा आठवडा सारखे नसतात.

लवकर म्हणजे काय माहितीये? तिने एक कागद फॅक्सवर टाकला. फॅक्स, ओडेट. माणसं चंद्रावर जाऊन आली, आणि माझ्या बापाचं डोकं एका यंत्राच्या तोंडात घातलं, जे अर्धा कागद खाऊन थांबलं. नर्सने थोपटून उरलेला आत घातला आणि म्हणाली, "पोचला असेल."

असेल.

कॉलेज मी ह्याच्यासाठीच सोडलं, हे तुला कळावं म्हणून लिहितोय. तुझ्या त्या कायाकची होडी शिकवणाऱ्या नव्या मित्राला सांग, आमच्याकडे पाण्यात मजेसाठी उतरणाऱ्याला वेडा म्हणतात.

एमेट

हार्लो बेट, ४ ऑक्टोबर

ओडेट,

तुझं पत्र आलं. पाच ओळी, त्यातल्या दोन हवामानावर. आणि एक हे विचारायला, की मी मार्चमध्ये परत आलो आणि चहाचा मग सप्टेंबरात पडला, तर कॉलेज बापासाठी कसं काय सोडलं? हिशेब छान जमतो तुला. जंगलखात्यात झाडं मोजायला जाणारच आहेस, चालू दे.

इकडे फोनची पूजा चालू आहे. हॉस्पिटलला फोन लावला की एक बाई सांगते, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग पियानो लागतो. तो पियानो वाजवणाऱ्याला मी एक दिवस शोधून काढणार आहे. पहिल्यांदा कळलं, फॅक्स पोचलाच नव्हता. दुसऱ्यांदा कळलं, पोचला पण वरचा भाग नव्हता, म्हणजे बापाचं नावच नव्हतं. कुणातरी बिननावाच्या माणसाच्या डोक्याचा फोटो हवा, एवढंच तिकडे कळलं. तिसऱ्या वेळी मिसेस पायक म्हणून एक बाई मिळाली. तारखा तीच देते. आवाज असा की आजीने स्वेटर विणता विणता बोलावं.

"हे बघ राजा, सगळेच थांबलेत."

"सगळ्यांचे बाप 'दोर' विसरलेत का?"

"काही जणांचे बाप त्यांची नावं विसरलेत," ती म्हणाली. "डॉक्टरांनी 'तातडीचं' असं लिहिलंय, ते मला दिसतंय. पंधरा तारखेला दुपारी या. येताना आमचं पत्र आणा, फेरीबोटीवर दाखवा, पहिल्या रांगेत घेतील."

पहिली रांग तुला माहीत नाही. तू एकदाच आलीस आणि तीही पायी. धक्क्यावर गाड्यांसाठी चार रांगा आखलेल्या आहेत. आधी नाव नोंदवलं नसेल आणि फेरी भरली तर राहा मागे. ऑक्टोबरात ती भरतेच, कारण सगळं बेट दोर, आमिष आणि नवे पिंजरे आणत असतं. पण पहिली रांग आजाऱ्यांची. हॉस्पिटलचं पत्र दाखवलं की काचेवर पिवळं कार्ड लागतं आणि सगळ्यात आधी चढता येतं. ते कार्ड लावणारी माझी लोर्नाआत्या. बापाची धाकटी बहीण, नारिंगी जाकीट, तोंडात शिट्टी. आख्खं बेट तिला घाबरतं, फेरीचा कप्तान धरून.

सोय चांगली आहे, नाही? पण आमच्या लोकांनी हात लावला की सोयीचीही माती होते. लोक धक्क्यावर मासे बघायला येत नाहीत, पहिली रांग बघायला येतात. तिथे गाडी दिसली की संध्याकाळपर्यंत तुमच्या दारात भाजलेल्या मॅकरोनीची भांडी यायला लागतात. एक भांडं म्हणजे हाडबिड मोडलं. तीन म्हणजे मोठं काहीतरी. चारच्या वर गेली की समजायचं, तुमचं आवरलं. हॅस्केल मोर्स दोन वर्षांपूर्वी पहिल्या रांगेतून गेला, ऐन पिंजरे टाकायच्या आठवड्यात. चार भांडी आली. खलाशांनी हिशेब केला, बोट चालवणारा तांडेलच आजारी म्हणजे मोसम बुडाला, आणि तो परत येईपर्यंत दुसऱ्या बोटींवर नावं लावली. मुतखडा होता. मुतखडा, ओडेट. निघालाही. बोट मात्र नाताळपर्यंत धक्क्याला बांधलेली.

असली माणसं आहेत ही. आणि मी ह्यांच्यात परत आलो, तुझ्या फ्रेडरिक्टनच्या कॉलेजातल्या शहाण्यांना सोडून. तुलनेला बसलो तर कोण जास्त मूर्ख ते ठरवता येत नाही.

तुझ्या केसांचा वास विसरलोय. हे मी मुद्दाम लिहिलं. खोटं आहे.

एमेट

हार्लो बेट, १५ ऑक्टोबर, संध्याकाळ

ओडेट,

मशीन बंद होतं.

पुन्हा वाच. माझा बाप सकाळच्या फेरीने गेला, दीड तास लाटा खाल्ल्या, पलीकडे उतरून शहरापर्यंत गाडी हाकली, डाव्या हाताने चाक धरवत नसताना हाकली, आणि त्यांनी सांगितलं, मशीन बंद आहे, घरी जा. मी बरोबर येणार होतो. "काय करणार येऊन? माझा हात धरून बसणार?" म्हणाला. "पिंजऱ्यांना वजनाला विटा बांधायच्या राहिल्यात, त्या बांध." मी विटा बांधत बसलो, आणि तिकडे ही थट्टा.

संध्याकाळी फेरीतून उतरलेल्या गाड्यांमध्ये त्याचा ट्रक दिसला, तो घरी आला, टोपी काढली आणि म्हणाला, "बंद पडलं. सगळ्यांना परत पाठवलं."

"सगळ्यांना? किती होते?"

"बरेच."

"नवी तारीख?"

"फोन करतील."

आणि बसला बटाटे सोलायला. चाकू उजव्या हातात आणि बटाटा डाव्या कोपराने टेबलाला दाबून धरलेला. हे मी आता रोज बघतो. तुझ्या मोठ्या मोठ्या गप्पा आठवतात मला, ह्या देशात उपचारासाठी गरीब-श्रीमंत सगळे एका रांगेत उभे असतात वगैरे. उभे असतात, बरोबर आहे. फक्त पुढे मशीन बंद असतं. ज्यांनी ही रांग लावली ते स्वतः कधी फेरीत चढलेत का? त्यांच्या बापांच्या हातातून मग पडतात का, की त्यांच्याकडे कप धरायलाही माणूस असतो?

वर्तमानपत्राला पत्र लिहिलंय. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबालाही लिहिलंय. त्यात 'डुक्कर' हा शब्द दोनदा आलाय, लोर्नाआत्याने वाचून एक खोडला. खोडताना ती माझ्याकडे बघत नव्हती. त्या शब्दाची लाज वाटली असेल तिला.

एमेट

हार्लो बेट, २४ ऑक्टोबर

ओडेट,

तू लिहिलंस ते केलं. 'ओरडू नकोस, त्यांना सांग की कुणी नाव मागे घेतलं तर आयत्या वेळी यायला आम्ही तयार आहोत, तशी वेगळी यादी असते, आजोबांच्या गुडघ्याच्या वेळी आम्ही तेच केलं.' तुझ्या आजोबांचा गुडघा आणि माझ्या बापाचं डोकं एका मापात मोजलंस, तेही सोडून दिलं. फोन लावला. पियानो ऐकला. मिसेस पायक आली.

मी शांतपणे सुरुवात केली. खरंच. म्हणालो, "तुमचं मशीन दुरुस्त झालं असेल तर..."

"आमचं मशीन? त्याला काय झालंय?"

"पंधरा तारखेला बंद होतं."

थोडा वेळ नुसता संगणकाच्या कळा दाबल्याचा आवाज. मग ती म्हणाली, "राजा, पंधराला आम्ही संध्याकाळी सातपर्यंत माणसं घेतली. तुझे वडील आलेच नाहीत. मी दोनदा घरी फोन केला, कुणी उचलला नाही."

मी तिला खोटारडी म्हणालो. अजून बरंच काही म्हणालो, ते इथे लिहीत नाही. तिने फोन ठेवला नाही. मी दमल्यावर म्हणाली, "यादीत नाव घालू का, आयत्या वेळच्या?" मी म्हणालो, घाला. आभार मानले नाहीत. सरकारी गोडव्याला मी आभार मानत नाही.

मग धक्क्यावर गेलो. फेरी नुकतीच सुटली होती आणि लोर्नाआत्या शंकूसारखे ते नारिंगी ठोकळे गोळा करत होती.

"आत्या, पंधराला बाबा कुठल्या रांगेत होता?"

तिने ठोकळे एकात एक घातले. "तिसऱ्या."

"तिसऱ्या का?"

"त्याला विचार."

"तुला विचारतोय."

"मी काचेवर टकटक केलं," आत्या म्हणाली. "म्हटलं, वेंडेल, चल पहिल्या रांगेत, पत्र आहे ना खिशात? त्याने काच वर केली. सख्ख्या बहिणीच्या तोंडावर. फेरी भरली, तो राहिला. मग तिकडे धुरांड्यांच्या मागे, जिथे हेरिंग मासे धुरीवर सुकवायचे ना, तिथे ट्रक लावून दिवसभर बसला. मी दुपारी चहा नेऊन दिला. संध्याकाळची फेरी लागली तेव्हा उतरणाऱ्या गाड्यांमध्ये घुसला आणि घरी गेला."

"आणि तू गप्प बसलीस. माझं पत्र वाचलंस, शब्द खोडलास आणि गप्प बसलीस."

"त्याने शप्पथ घातली होती. म्हणाला, पिंजरे टाकून होऊ देत, मग कुठेही ने, कापायला ने." आणि मग हळूच, "हॅस्केलचं बघितलंय त्याने, एमेट."

तर असं आहे. आठवडाभर मी हॉस्पिटलला, सरकारला, पियानोला आणि तुझ्या त्या कायाकवाल्यालासुद्धा शिव्या घातल्या, आणि माझा बाप एका मुतखड्याला घाबरून हेरिंगच्या धुरांड्यामागे लपून बसला होता. सगळ्या जगाने बापाला थांबवलंय असं मी धरून चाललो होतो. जगाने मेहरबानी करून तारीख दिली होती. बापाने काच वर केली.

त्या साहेबाला पुन्हा पत्र लिहून माफी मागावी असं तू म्हणशील. मागणार नाही. आज नाही तर उद्या त्यांचं मशीन बंद पडेलच, त्या शिव्या आगाऊ समजाव्यात.

एमेट

हार्लो बेट, ५ नोव्हेंबर

ओडेट,

तू लिहिलंस, 'त्यांच्याशी प्रेमाने बोल.' बोललो. प्रेमाने बोलण्याचा निकाल खालीलप्रमाणे.

बाप शेडमध्ये पिंजऱ्याचं जाळं शिवत होता. शिवत होता म्हणजे दातात एक टोक धरून ओढत होता.

"बाबा, तू गेलाच नव्हतास."

"फेरीत जागा नव्हती."

"पहिल्या रांगेत होती."

"ती आजाऱ्यांची."

"मग तू कोण आहेस?"

"मी तांडेल आहे," तो म्हणाला. जाळ्याचं टोक अजून दातात. "बाराला पिंजरे टाकायचे. पुढचा पंधरवडा ते उचलायचे. मग जाऊ."

"डॉक्टरीण म्हणाली, आठवडे मोजावे लागतील."

"तिला मोजू दे. तिला दुसरं काम काय?"

"आणि बोटीवर हात सुटला तर? दोरात पाय अडकून कुणी पाण्यात गेलं तर? बर्टन गेला तर?"

बर्टन म्हणजे त्याचा जुना खलाशी, मी जन्मायच्या आधीपासूनचा. बापाने टोक दातातून काढलं. "तू शिकायला गेला होतास ना? शिकून झालं की ये मला शिकवायला. अर्ध्यातून पळून आलेल्याने नको. दार लाव जाताना, वारा येतो."

पळून आलेला. तू सांगितलंस का त्याला? नाही, तू कशाला सांगशील. त्याला कळलं असेल. त्याला सगळं कळतं, फक्त स्वतःचं डोकं सोडून.

मग मी जे केलं ते कुणाला विचारून केलं नाही, आणि तुलाही विचारत नाही, नुसतं सांगतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाचा ट्रक घेतला. हिरवा, दारावर पांढऱ्या रंगात त्याचं आणि बोटीचं नाव, बेटावरच्या पोरालाही लांबून ओळखू येतो. हॉस्पिटलचं पत्र घेतलं. धक्क्यावर गेलो आणि पहिल्या रांगेत शिरलो. रांगेत मी एकटाच. बाकीच्या तिन्ही भरलेल्या, आणि काठावर कॉफी घेऊन उभे असलेले नेहमीचे रिकामटेकडे.

लोर्नाआत्या आली. "पत्र?"

दाखवलं.

"पेशंट कुठाय?"

"घरी. जाळं चावतोय."

"चढणार आहेस?"

"नाही. नुसता उभा राहणार आहे."

आत्याने शिट्टी तोंडातून काढली, माझ्याकडे बघितलं, मग काठावरच्या त्या गर्दीकडे बघितलं. पिवळं कार्ड काढलं आणि काचेवर चिकटवलं, मधोमध. "मग सरळ घे ट्रक," ती म्हणाली. "तिरका उभा राहिलास तर त्यांना दारावरचं नाव दिसायचं नाही."

फेरी भरून सुटेपर्यंत मी उभा होतो. कुणी जवळ आलं नाही, कुणी काही विचारलं नाही. आमची माणसं विचारत नाहीत, बघतात आणि घरी जाऊन ओव्हन लावतात.

पहिलं भांडं दुपारीच आलं. बापाने दार उघडलं. दारात शेजारच्या मिसेस ट्रास्क, हातात फडक्यात गुंडाळलेली मॅकरोनी.

"कोण गेलं?" बापाने विचारलं.

"कुणी नाही, वेंडेल. भांडं सावकाश दे परत."

त्याने भांडं घेतलं. खिडकीतून अंगणातल्या ट्रककडे बघितलं. पिवळं कार्ड मी काढलं नव्हतं. भांडं ओट्यावर ठेवलं. दिवस मावळेपर्यंत ओट्यावर सात भांडी झाली. सात, ओडेट. हॅस्केलला चार होती. सातव्यात टूना होता, आणि ते द्यायला हॅस्केल स्वतः आला होता. बापाच्या नजरेला नजर न देता निघून गेला.

सगळ्यात शेवटी बर्टन आला. रिकाम्या हाताने. खुर्ची ओढून बसला. "डॅरिल गेला," म्हणाला. डॅरिल म्हणजे आमचा दुसरा खलाशी, नाकात बाळी घालणारा. "हॅस्केलच्या भावाच्या बोटीवर."

"आणि तू?" बापाने विचारलं.

"मी कुठे जाणार? माझं वय झालं, नव्या शिव्या पाठ होत नाहीत."

"मला काही झालेलं नाही, बर्टन."

"तुझा डावा हात मे महिन्यापासून गेलाय, वेंडेल. गाठी मी मारतोय. तुझ्यासारख्याच मारतो, म्हणून तुला वाटतं तूच मारल्यास." बर्टनने एका भांड्यावरचं फडकं उचलून वास घेतला. "तू हॉस्पिटलात जा. बोट मी नेतो. माझा भाचा येईल जोडीला. तो गाढव आहे, पण ओझं उचलतो."

बाप उठला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं मारेल, आणि खरं सांगतो, मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "माझ्या बोटीवर तू यापुढे पाय ठेवायचा नाहीस." आणि आत गेला.

ठीक आहे. मी बापाला गावात उघडं पाडलं. लाज वाटते का? नाही. लाजेच्या नावाखाली ह्या बेटाने जे जे केलंय ते बघून मला त्या मालाची किळस आली आहे.

आणि काल फोन आला. मीच उचलला. "राजा, एकाने नाव मागे घेतलंय," मिसेस पायक. "मंगळवार, बारा तारीख, सकाळी साडेअकरा. हो म्हणायला तुझ्याकडे आत्ताचा एवढाच वेळ आहे."

"मंगळवारी?"

"का? लग्न आहे का कुणाचं?"

शहरातल्या बाईला काय सांगणार? बारा तारीख म्हणजे पिंजरे टाकायचा दिवस. पहाटे सगळ्या बोटी एकदम सुटतात, सगळं बेट धक्क्यावर असतं, पाद्री येऊन पाण्याकडे हात करतो. बापाने तो दिवस कधी चुकवलेला नाही. मी पोटात होतो आणि आईला कळा आल्या होत्या, तेव्हाही नाही. आई अल्बर्टाला निघून गेली त्या वर्षीही नाही.

मी हो म्हणालो. बापाला नंतर सांगितलं. त्याने ऐकलं, पाण्याचा नळ बंद केला आणि शेडमध्ये निघून गेला. येणार का, ते अजून कळलेलं नाही.

एमेट

हार्लो बेट, १२ नोव्हेंबर, सकाळ

ओडेट,

तू लिहितेस की हॉस्पिटलात यायला तयार आहेस, मला सोबत म्हणून. आणि त्याच वाक्यात, 'गैरसमज नको.' गैरसमजाला जागाच ठेवत नाहीस तू, वाक्याला कुंपण घालूनच पाठवतेस. येऊ नकोस. माझ्यासाठी येऊ नकोस. बापाला भेटायचं असेल तर ये, त्याला तू आवडली होतीस. 'ती पोरगी जेवताना बोलते कमी,' म्हणाला होता, ही त्याची सगळ्यात मोठी स्तुती.

काल संध्याकाळी तो पहिल्यांदा बोलला. आठवडाभर एका घरात, एका टेबलावर, सात भांड्यांतली मॅकरोनी समोरासमोर बसून खाल्ली आणि एक शब्द नाही. काल प्लेट धुता धुता म्हणाला, "उद्या काय होईल ते होईल. पण जिकडे जाशील तिकडेच राहा. मला आणायला लोर्ना येईल. कॉलेजात जा, नाहीतर खड्ड्यात जा. ह्या घरात मला तू नकोस."

"म्हणजे तू येणार आहेस?"

"मी काही म्हणालेलो नाही."

सकाळी मी उठलो तेव्हा तो नव्हता. बुटांचा जोड नाही, बोटीवर घालायचं पिवळं रबरी जाकीट खुंटीवर नाही. मला काय वाटलं ते इथे लिहिणार नाही, तू माझी तेवढी कुणी राहिली नाहीस.

पिशवी भरली. मग हातांना काहीतरी काम हवं म्हणून ओट्याखालचे तुकडे काढले. झाडूने निघेनात, झोपून हाताने काढले. अस्वलाच्या मगाचा एक कान सापडला, तो ह्या पाकिटात घालतोय. बाकीचं अस्वल कचऱ्यात.

आता खिडकीशी बसून लिहितोय. उजाडलंय. बोटी निघाल्यात. एकेक बोट पिंजऱ्यांनी इतकी लादलेली की बोट दिसत नाही, नुसता पिंजऱ्यांचा डोंगर पाण्यावरून चाललाय. हॅस्केलची गेली. त्याच्या भावाची गेली, तिच्या टोकावर डॅरिल उभा आहे, हात हलवतोय, गाढव. आणि ती आमची. हिरवी. सुकाणूवर कुणीतरी आहे, पिवळ्या जाकिटात. सगळेच पिवळ्या जाकिटात असतात. इथून कोण ते दिसत नाही. बर्टन खांदे पाडून उभा राहतो, बाप राहत नाही, पण एवढ्या लांबून खांदे कुणाला दिसतात?

गेली. भूशिराला वळली.

फेरीला थोडाच वेळ उरलाय. बाप त्या बोटीवर असेल, तर मी पिवळं कार्ड लावून एकटा जाईन, मिसेस पायकच्या समोर उभा राहीन आणि सांगेन, घ्या, माझ्या डोक्याचा फोटो काढा, ह्या घराण्यात नक्की काय बिघडलंय ते तेवढं तरी कळेल.

ओडेट, हॉर्न वाजला.

आमच्या ट्रकचाच. अंगणात. बघितलं मी. तो आत बसलाय. चालवायच्या जागेवर नाही, पलीकडच्या. जन्मात पहिल्यांदा पलीकडच्या. पिवळं जाकीट मांडीवर घडी करून ठेवलंय, चाकाकडे वाकून उजव्या हाताने हॉर्न दाबतोय आणि समोर बघतोय, घराकडे नाही. धक्क्यावर उभा राहून बोट डोळ्याआड होईपर्यंत बघितली असणार त्याने, सगळ्या बेटाच्या देखत. आता त्याच बेटासमोर पहिल्या रांगेत बसायचंय.

त्याने मला माफ केलेलं नाही, हे मानेवरूनच कळतं. मी मागितलेलीही नाही. चालवताना आम्ही बोलणार नाही. फेरीवर तो वरच्या डेकवर जाईल आणि मी गाडीत बसेन. मशीन आपलं काम करेल की नाही देव जाणे, त्यात काय दिसेल ते त्याहून देव जाणे, पण साडेअकराला माझ्या बापाचं डोकं तिथे असेल.

परत हॉर्न. हे पत्र वेगळं टपालात टाकत नाही. माझ्याच फेरीने येतंय ते, पलीकडच्या पेटीत टाकेन.

आमचं दार खाऱ्या हवेने फुगलंय, नुसतं ढकलून लागत नाही, थोडं उचलून ओढावं लागतं. पिशवी खांद्यावर घेतली. बाहेर पडतो, उचलतो, आणि ओढून घेतो.

एमेट